एडवर्ड लुईस आणि चार पंखांची फळमाशी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एडवर्ड लुईस कोण होते आणि त्यांच्या संशोधनाचा विषय कोणता होता?

एडवर्ड बी. लुईस (१९१८–२००४) हे अमेरिकी आनुवंशशास्त्रज्ञ होते. त्यांचे बहुतेक सारे संशोधन पॅसाडिना येथील कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच कॅल्टेक, या संस्थेत झाले. फळमाशीच्या तिसऱ्या गुणसूत्रावरील बायथोरॅक्स नावाच्या जनुकसमूहाचा त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ अभ्यास केला. शरीराच्या कोणत्या खंडाने कोणते रूप घ्यावे हे जनुकांच्या पातळीवर कसे ठरते, हे त्या अभ्यासातून प्रथमच स्पष्टपणे दिसू लागले. या कामासाठी त्यांना १९९५ सालचे शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यक या विषयातील नोबेल पारितोषिक ख्रिस्तियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांच्यासमवेत मिळाले.

लुईस यांच्याविषयीच्या बहुतेक परिचयांत चार पंखांच्या माशीचे छायाचित्र आणि नोबेल पारितोषिक एवढेच येते. त्यामुळे त्यांनी हे काम कोणत्या प्रश्नापासून सुरू केले आणि ते कुठे जाऊन पोहोचले, हा सर्वांत मोलाचा भाग नजरेआड होतो. पुढील उत्तरांत त्या प्रवासावर अधिक भर दिला आहे.

माशीला चार पंख असणे एवढे महत्त्वाचे का मानले जाते?

माशीच्या छातीचे तीन खंड असतात. दुसऱ्या खंडावर पंखांची एक जोडी असते, तर तिसऱ्या खंडावर पंखांच्या जागी मुद्गराच्या आकाराचे दोन छोटे अवयव असतात, त्यांना हाल्टिअर म्हणतात. उडताना शरीराचा तोल सांभाळण्याचे काम ते करतात. कोलंबिया विद्यापीठात फळमाशीच्या आनुवंशिकीचे अग्रणी टी. एच. मॉर्गन यांचे सहकारी कॅल्व्हिन ब्रिजेस यांना १९१५ साली एक अशी माशी आढळली, जिच्या हाल्टिअरचा काही भाग पंखासारखा झाला होता. या उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकात झालेल्या बदलाला, बायथोरॅक्स हे नाव मिळाले. शरीराच्या एका भागाने दुसऱ्या भागाचे रूप घेण्याच्या अशा प्रकाराला ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम बेटसन यांनी १८९४ सालीच होमिओसिस असे नाव दिले होते, परंतु त्यामागचे कारण कोणालाच माहीत नव्हते.

बायथोरॅक्स उत्परिवर्तनामुळे हाल्टिअरचा पुढचा अर्धा भाग पंखासारखा होतो, तर पोस्टबायथोरॅक्स नावाच्या दुसऱ्या उत्परिवर्तनामुळे मागचा अर्धा भाग. या समूहातील उत्परिवर्तने विचारपूर्वक एकत्र आणून लुईस यांनी अशी माशी तयार केली, जिचा तिसरा खंड जवळजवळ पूर्णपणे दुसऱ्या खंडासारखा झाला होता आणि जिला पंखांच्या दोन पूर्ण जोड्या होत्या. ही माशी उडू शकत नाही. तिचे महत्त्व एवढ्यासाठी की पंख घडवण्याची सगळी क्षमता तिसऱ्या खंडातील पेशींमध्ये मुळातच असते, आणि बायथोरॅक्स समूहातील जनुके त्या क्षमतेला वेगळे वळण लावतात, हे तिच्यावरून निर्विवादपणे दिसले. एखादे जनुक बिघडल्यावर अवयव नाहीसा किंवा विद्रूप झाला, तर त्यावरून फारसे कळत नाही. येथे मात्र जनुक बिघडल्यावर एक सुघटित अवयव भलत्याच जागी तयार होतो, म्हणजे ते जनुक अवयव घडवण्याच्या तपशिलात न शिरता कोणत्या जागी काय घडावे हे ठरवत असले पाहिजे.

फळमाश्यांकडे ते कसे वळले?

लुईस यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील विल्क्स-बॅरे या गावी झाला. शाळेत असताना गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात ‘सायन्स’ हे नियतकालिक चाळताना त्यांना फळमाश्यांच्या विक्रीची जाहिरात दिसली. एका डॉलरला माश्यांचा एक संच मिळत असे. त्यांनी आणि त्यांचे शाळासोबती एडवर्ड नोवित्स्की यांनी माश्या मागवल्या आणि शाळेतच प्रयोग सुरू केले. नोवित्स्कीही पुढे नामवंत आनुवंशशास्त्रज्ञ झाले. लुईस उत्तम बासरी वाजवत. बकनेल विद्यापीठात पहिल्या वर्षी त्यांना प्रवेश मिळाला तो संगीताच्या शिष्यवृत्तीवर, आणि बासरीची सोबत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. नंतर मिनेसोटा विद्यापीठातून १९३९ साली जैवसांख्यिकीची पदवी घेऊन ते कॅल्टेकमध्ये आले आणि आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांच्या मार्गदर्शनाखाली १९४२ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. गुणसूत्रावरील जनुकांचा पहिला नकाशा १९१३ साली काढणारे ते हेच स्टर्टेव्हंट. महायुद्धाच्या काळात लुईस यांनी हवामानशास्त्राची पदवी घेऊन सैन्यात हवामान अधिकारी म्हणून काम केले. १९४६ साली ते कॅल्टेकमध्ये परतले आणि १९८८ साली औपचारिक निवृत्तीनंतरही तेथेच काम करत राहिले.

त्यांचा मूळ प्रश्न गर्भविकासाचा होता का?

नव्हता, आणि हे नीट समजून घेणे आवश्यक आहे. लुईस यांना प्रथम जाणून घ्यायचे होते ते हे, की नवी जनुके कोठून येतात. त्या काळी एक विचार असा होता, की गुणसूत्राचा एखादा तुकडा चुकून दुप्पट होतो, मग एक प्रत जुने काम करत राहते आणि दुसरी प्रत उत्परिवर्तनांमुळे हळूहळू नवे काम शिकते. हे खरे असेल, तर गुणसूत्रावर शेजारी शेजारी बसलेली आणि परस्परांशी मिळतीजुळती कामे करणारी जनुके सापडायला हवीत. अशा शेजारी जनुकांना तेव्हा स्यूडोअलील म्हटले जाई, कारण वरवरच्या चाचणीत ती एकाच जनुकाची दोन रूपे वाटत, पण मोठ्या संख्येने संतती तपासली तर त्यांच्यामध्ये क्वचित पुनःसंयोजन, म्हणजे जोडीच्या गुणसूत्रांतील तुकड्यांची अदलाबदल, झालेले आढळे. त्यांनी डोळ्यांवर परिणाम करणाऱ्या स्टार आणि अॅस्टरॉइड या जोडीपासून सुरुवात केली आणि नंतर बायथोरॅक्सकडे मोर्चा वळवला. तेथे त्यांना दोनच्या जागी एकामागून एक अनेक सदस्य सापडत गेले. लाळग्रंथींच्या महाकाय गुणसूत्रांवर या जागी दुहेरी पट्टे दिसत असत, त्यामुळेही द्विरावृत्तीच्या कल्पनेला बळ मिळाले.

गर्भविकास या कथेत येतो तो माशीच्या मार्गाने. ज्या जनुकसमूहाची निवड उत्क्रांतीच्या प्रश्नासाठी केली होती, त्याचे काम शरीराचे खंड ठरवण्याचे निघाले. लुईस यांनी तो धागा सोडला नाही.

डीएनएचे वाचन शक्य नसताना जनुकांची मांडणी त्यांनी कशी ओळखली?

संकरांच्या आधारे. एखाद्या माशीत दोन उत्परिवर्तने असतील, तर ती दोन प्रकारे मांडता येतात: दोन्ही एकाच गुणसूत्रावर आणि जोडीचे गुणसूत्र निर्दोष, किंवा दोन गुणसूत्रांवर एकेक. दोन्ही माश्यांतील एकूण जनुकीय सामग्री तंतोतंत सारखीच असते. ही दोन वेगवेगळी, स्वतंत्र जनुके असती, तर मांडणीने काहीच फरक पडायला नको होता. प्रत्यक्षात मात्र बायथोरॅक्स आणि त्याच समूहातील अल्ट्राबायथोरॅक्स ही उत्परिवर्तने एकाच गुणसूत्रावर असली की माशी जवळजवळ सामान्य दिसते, आणि वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असली की तिचा हाल्टिअर ठळकपणे पंखासारखा होतो. म्हणजे गुणसूत्रावरील शेजाराला स्वतःचा अर्थ आहे. जनुक नियमनाविषयीचे पुढचे सगळे ज्ञान या निरीक्षणात बीजरूपाने होते असे मला वाटते, जरी त्याचा नेमका अर्थ लागायला आणखी तीन दशके जावी लागली.

लुईस यांनी १९५४ साली याहून विलक्षण गोष्ट दाखवली. माशीच्या पेशींत गुणसूत्रांच्या जोडीतील दोन्ही सदस्य एकमेकांना चिकटून असतात. गुणसूत्राची पुनर्रचना करून ही जवळीक मोडली, तर उत्परिवर्तनाचा परिणाम अधिक तीव्र होतो. याचा अर्थ असा, की जवळ असताना एक गुणसूत्र दुसऱ्याची उणीव काही प्रमाणात भरून काढत होते. या परिणामाला त्यांनी ट्रान्सव्हेक्शन हे नाव दिले, आणि गुणसूत्रांच्या परस्परसंपर्काचा अभ्यास करणारे संशोधक आजही त्याकडे परत येतात.

या सर्व कामासाठी प्रचंड संख्येने माश्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पाहाव्या लागत. लुईस बरेचसे काम रात्री करत. सहकारी बाखर यांच्यासह त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेली एक साधी पद्धत, म्हणजे ईएमएस हे उत्परिवर्तनकारी रसायन साखरेच्या पाण्यातून नरांना पाजणे, जगभरच्या माशी-प्रयोगशाळांत रूढ झाली.

१९७८ च्या निबंधात त्यांनी नेमके काय मांडले?

‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेला हा एकट्या लुईस यांच्या नावावरचा निबंध वाचायला कठीण आहे, कारण अनेक वर्षांचे संकर त्यात दाटीवाटीने मांडलेले आहेत. त्यातील तीन गोष्टी मुख्य आहेत.

संपूर्ण बायथोरॅक्स समूह काढून टाकला, तर भ्रूणाचा छातीचा तिसरा खंड आणि पोटाचे खंड छातीच्या दुसऱ्या खंडासारखे दिसतात. त्यामुळे दुसरा खंड ही जणू पायाभूत अवस्था आहे आणि समूहातील जनुके तिच्यात भर घालत मागचे खंड घडवतात, असे त्यांनी मांडले. दुसरी गोष्ट अशी, की शरीरात जसजसे मागे जावे तसतशी समूहातील अधिकाधिक जनुके कार्यरत होतात. तिसरी गोष्ट सर्वांत अनपेक्षित होती: गुणसूत्रावर ही जनुके ज्या क्रमाने बसलेली आहेत, त्याच क्रमाने ती शरीराच्या पुढून मागच्या दिशेने कामाला लागतात. डीएनएवरील क्रम आणि शरीरातील क्रम का जुळावा, याचे कोणतेही उघड कारण नव्हते.

लुईस यांचे गृहीतक नंतर चुकीचे ठरले असे म्हणतात, ते खरे आहे का?

अंशतः खरे आहे, आणि त्यामुळे त्यांच्या कामाचे मोल मुळीच कमी होत नाही. लुईस यांचा अंदाज असा होता, की समूहात किमान आठ जनुके असून प्रत्येक जनुक स्वतःचा वेगळा पदार्थ तयार करते. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड हॉगनेस यांच्या प्रयोगशाळेत वेल्कम बेंडर, पिएर स्पिएरर आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रावर पायरी पायरीने सरकत या प्रदेशाचा डीएनए हस्तगत केला, त्याचे वर्णन १९८३ साली प्रसिद्ध झाले. लुईस यांनी जमवलेली उत्परिवर्तने त्या कामात मोलाची ठरली, कारण डीएनएवर नेमका बिघाड कुठे आहे हे त्यांच्या माश्यांमुळे दाखवता आले. त्यानंतर १९८५ साली माद्रिदमध्ये एर्नेस्तो सांचेझ-हेरेरो, खिनेस मोराता आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की प्रथिने बनवणारी जनुके फक्त तीन आहेत: अल्ट्राबायथोरॅक्स, अॅबडॉमिनल-ए आणि अॅबडॉमिनल-बी.

मग लुईस यांना दिसलेली बाकीची ‘जनुके’ कोणती होती? तो नियामक डीएनए होता. तो स्वतः प्रथिन बनवत नाही. शेजारच्या जनुकाने कोणत्या खंडात, केव्हा आणि किती प्रमाणात चालू व्हावे हे तो ठरवतो. बायथोरॅक्स आणि पोस्टबायथोरॅक्स ही दोन्ही उत्परिवर्तने अल्ट्राबायथोरॅक्स या एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या नियामक पट्ट्यांतील बिघाड आहेत. आता मांडणीचे ते जुने कोडेही सुटते. एका गुणसूत्रावर नियामक पट्टा बिघडला असेल आणि दुसऱ्यावर खुद्द जनुक, तर एकाही गुणसूत्रावर धड जोडी उरत नाही. दोन्ही बिघाड एकाच गुणसूत्रावर असतील, तर दुसरे गुणसूत्र निर्वेध काम करते.

संकरांवरून काढलेला लुईस यांचा नकाशा बरोबर होता. खंडागणिक वेगवेगळे घटक खरोखरच तेथे होते आणि त्यांचा क्रमही तोच होता. त्या घटकांचे स्वरूप मात्र वेगळे निघाले. या समूहाच्या सुमारे ३,३८,००० आधारजोड्यांचा, म्हणजे डीएनएच्या मूलघटकांच्या जोड्यांचा, क्रम १९९५ साली प्रसिद्ध झाला तेव्हा प्रथिनांची माहिती देणारा भाग त्यातला अगदी थोडा होता. त्याच वर्षी नियामक भागाच्या विश्लेषणाच्या निबंधावर लुईस हे स्वतः लेखक होते, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी. आपल्या हातून निसटलेल्या अर्थाचा पाठपुरावा त्यांनी इतक्या निष्ठेने केला, याचे मला फार अप्रूप वाटते.

पॉलीकोम्बचा या कामाशी काय संबंध आहे?

पॅमेला हॅरा लुईस या एडवर्ड लुईस यांच्या पत्नी आणि कॅल्टेकमधील माश्यांच्या संग्रहाशी निगडित संशोधक. त्यांनी १९४७ साली पॉलीकोम्ब हे उत्परिवर्तन शोधले. नराच्या फक्त पुढच्या पायांवर असणारे कंगव्यासारखे केस या उत्परिवर्तनात मागच्या पायांवरही येतात, त्यावरून हे नाव पडले. पॉलीकोम्ब हे बायथोरॅक्स समूहाला दाबून ठेवणारे जनुक आहे, असे एडवर्ड लुईस यांनी १९७८ च्या निबंधात सुचवले. हा तर्क मुख्यतः बरोबर ठरला. भ्रूणाच्या सुरुवातीला कोणती जनुके चालू आणि कोणती बंद हे इतर घटक ठरवतात, ते घटक नाहीसे झाल्यावरही बंद जनुके पेशींच्या पिढ्यान्‌पिढ्या बंद ठेवण्याचे काम पॉलीकोम्ब गटातील प्रथिने करतात. हीच यंत्रणा माणसातही आहे. त्या गटातील ईझेडएच-२ या प्रथिनाला रोखणारे टॅझेमेटोस्टॅट हे औषध काही कर्करोगांसाठी अमेरिकेत २०२० साली मान्य झाले.

किरणोत्सर्गाविषयीचे त्यांचे काम कोणते?

‘सायन्स’मध्ये १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात लुईस यांनी हिरोशिमा आणि नागासाकी येथून वाचलेले लोक, क्ष-किरणांचे उपचार घेतलेले रुग्ण आणि क्ष-किरणतज्ज्ञ डॉक्टर अशा वेगवेगळ्या गटांची उपलब्ध आकडेवारी एकत्र तपासली. रक्ताच्या कर्करोगाचा धोका किरणोत्सर्गाच्या मात्रेच्या प्रमाणात वाढतो, आणि अमुक मात्रेखाली धोका मुळीच नाही असे मानायला पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. हा काळ वातावरणातील अणुचाचण्यांचा होता. अल्प किरणोत्सर्ग निरुपद्रवी असल्याचा दिलासा अधिकृत पातळीवरून दिला जात असताना त्यांनी त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली. मात्रेच्या प्रमाणात धोका धरण्याचे तत्त्व पुढे किरणसंरक्षणाच्या नियमांचा पाया बनले. उत्परिवर्तने घडवण्यासाठी क्ष-किरण रोज वापरणाऱ्या शास्त्रज्ञाला या प्रश्नाची निकड जाणवली आणि त्याने ती लोकांपुढे मांडली, हे त्यांच्या कारकिर्दीचे तितकेच आदरणीय अंग आहे.

माशीवरील या कामाचा माणसाशी संबंध कसा जोडला गेला?

स्वित्झर्लंडमधील बाझेलमध्ये वॉल्टर गेरिंग यांच्या प्रयोगशाळेत विल्यम मॅकगिनिस आणि मायकेल लेव्हिन यांनी, आणि स्वतंत्रपणे मॅथ्यू स्कॉट आणि एमी वाइनर यांनी, १९८४ च्या सुमारास दाखवले की माशीच्या होमिओटिक जनुकांत, म्हणजे बायथोरॅक्स समूहासारख्या खंडांची ओळख ठरवणाऱ्या जनुकांत, सुमारे १८० आधारजोड्यांचा एक भाग समान आहे. त्याला होमिओबॉक्स हे नाव मिळाले. तोच भाग बेडूक, उंदीर आणि माणूस यांच्या जनुकांतही सापडला. खंडांची ओळख ठरवणाऱ्या अशा जनुकांना पृष्ठवंशीयांत हॉक्स म्हणतात; माणसात ३९ हॉक्स जनुके चार समूहांत विभागलेली आहेत आणि तेथेही गुणसूत्रावरील क्रम शरीरातील पुढून मागच्या क्रमाशी जुळतो. उंदरांमध्ये हॉक्स-१० गटातील सर्व जनुके निकामी केली, तर कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या येतात. माणसात हॉक्स-डी-१३ या जनुकातील बिघाडामुळे बोटे जुळलेली आणि संख्येने अधिक असण्याचा विकार होतो. जनुकांच्या द्विरावृत्तीतून नवी जनुके निर्माण होतात, हा लुईस यांचा मूळचा विचार हॉक्स जनुकांच्या बाबतीत खरा ठरला: पृष्ठवंशीयांचे चार समूह हे एका मूळ समूहाच्या द्विरावृत्तीतून आलेले आहेत.

नोबेल पारितोषिक तिघांमध्ये का विभागले गेले?

न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि विशाउस यांनी हायडेलबर्ग येथे भ्रूणाचे खंड मुळात कसे पडतात हे ठरवणारी जनुके पद्धतशीरपणे शोधली, आणि त्यांचा निबंध १९८० साली आला. खंड पडणे आणि प्रत्येक खंडाला स्वतःची ओळख मिळणे या एकाच प्रक्रियेच्या लागोपाठच्या पायऱ्या आहेत. दुसरी पायरी लुईस यांची होती.

या संशोधनाची भारतात कोणती परंपरा आहे?

येथे दोन प्रयोगशाळांचा उल्लेख केला पाहिजे. एल. एस. शशिधर यांनी प्रथम हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजीमध्ये आणि नंतर पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे आयसरमध्ये, लुईस यांनी उघड केलेला प्रश्न पुढे नेला. अल्ट्राबायथोरॅक्स प्रथिन पंखाला हाल्टिअरचे रूप देते हे ठरल्यावर ते त्यासाठी पंख घडवणाऱ्या नेमक्या कोणत्या जनुकांना आवर घालते, हे त्यांच्या गटाने शोधले. मधमाशीला आणि रेशीमकिड्याच्या पतंगाला मागचे पंख असतात, आणि त्या पंखांतही अल्ट्राबायथोरॅक्स असते. तेच प्रथिन एका कीटकात पंख राहू देते आणि दुसऱ्यात त्याचा हाल्टिअर करते, हे कसे, यासाठी त्यांनी तिन्ही कीटकांची तुलना केली. फरक मुख्यतः लक्ष्य जनुकांच्या नियमनात आहे, या दिशेने त्या कामाचा कल आहे.

हैदराबादच्याच संस्थेत राकेश मिश्रा यांच्या गटाने बायथोरॅक्स समूहातील सीमारेषांचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या नियामक पट्ट्यांना एकमेकांपासून वेगळे ठेवणारे डीएनएचे छोटे तुकडे या समूहात असतात, आणि फॅब-७ हा त्यांपैकी प्रसिद्ध तुकडा आहे. तो काढून टाकला, तर पोटाच्या एका खंडाचा नियामक पट्टा आधीच्या खंडातच कामाला लागतो आणि तो खंड मागच्या खंडासारखा होतो.